शिक्षा कडक हवी की खात्रीची?

नागरिकशास्त्र शिकवताना चेझारे बेक्कारिया हे नाव आपण सहसा घेत नाही. घ्यायला हवं. मिलान शहरातल्या या विचारवंताने १७६४ मध्ये, वयाच्या २६ व्या वर्षी, गुन्हे आणि शिक्षा यांवर एक छोटं पुस्तक स्वतःचं नाव न छापता प्रसिद्ध केलं. तेव्हा युरोपात कबुलीसाठी आरोपीचा छळ करणं कायदेशीर होतं. बेक्कारिया म्हणाले, छळात धट्टाकट्टा गुन्हेगार सुटतो आणि दुबळा निरपराध अडकतो. गुन्हे थांबतात ते शिक्षा नक्की आणि लवकर होणार या खात्रीमुळे. ती क्रूर असण्याची गरज नाही. १७८६ मध्ये टस्कनीने छळ आणि मृत्युदंड दोन्ही रद्द केले.

आपल्याकडे शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नुसार शाळेत शारीरिक शिक्षेला बंदी आहे. तरी ‘छडी गेली नि शिस्त गेली’ असं बरेचजण म्हणतात. मला ते पटत नाही. आज माफी, उद्या मार, असं चाललं की मूल नियम शिकत नाही, सरांचा मूड ओळखायला शिकतं. नियम आधी सांगा, सगळ्यांना सारखा लावा, लगेच लावा. मग शिक्षा छोटी असली तरी पुरते. घरीसुद्धा!