घरांतले नवे वडीलधारे

एकत्र कुटुंबांत हुकूम सोडण्याचा मान वयाला, हा आजवरचा परिपाठ. उजनी धरणाकांठच्या गांवांत मात्र तो आतां मोडूं लागला आहे. शेतांत ओल मोजणारें एक उपकरण रोवावें, वरून उपग्रहानें उंसाचीं पानें न्याहाळावीं आणि दोघांचा अहवाल वाचून ‘कृत्रिम बुद्धि’ नामक अदृश्य शक्तीनें शेतकऱ्याच्या मोबाइलवर मराठींत आज्ञा धाडावी, अशी ही योजना. शेजारच्या बारामतीच्या कृषि विज्ञान केंद्रानें उंसावर हा प्रयोग केला. २०२५ मध्यें राज्य सरकारनें त्याविषयीं धोरणच मंजूर केलें. थोडक्यांत, घराला नवे वडीलधारे लाभले. ते स्वयंपाकाला नांवें ठेवीत नाहींत, एवढ्यावरच स्त्रीवर्ग त्यांच्यावर प्रसन्न आहे.

करमाळा तालुक्यांत आमच्या मावसबहिणीचें सासर आहे. तिचे सासरे अण्णा ऐंशीच्या घरांतले. १९८० सालीं धरण पुरें झालें, त्यांत जुना वाडा गेला. भर दुपारीं नातू वाचून दाखवितो, “अण्णा, उंसाला आजच पाणी द्या म्हणतंय.”

“लाइट किती वाजतां येणार, तें विचार त्याला.”

यंत्र गप्प! शेतीची वीज त्या आठवड्यांत रात्रीची. मध्यरात्रीं नातू विजेरी घेऊन, साप-विंचवांतून वाट काढीत मोटार सुरू करावयास जातो. तोंवर यंत्राची दुसरी आठवण येऊन पडलेली असते. थोरली सून म्हणते, “अगदीं वन्संसारखं! एकदां सांगून भागत नाहीं.”

बरें, पाणी तरी जागेवर असावें! उजनीचा एकूण साठा अदमासें ११७ अब्ज घनफूट. पैकीं ६३ हून अधिक तळाचा, मृत म्हणून गणलेला. त्याला हात लागला कीं धरण ‘उणे’ मोजतात. २०२४ च्या उन्हाळ्यांत तें उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेलें. पळसदेवचें बुडालेलें देऊळ उघडें पडतें, तेव्हां इकडचा शेतकरी पाइप, केबल आणि मोटार घेऊन, चारी खोदीत पाण्याच्या मागें धांवत असतो. उंसाची तहान किती, हें यंत्र बिनचूक सांगतें. पाणी कोठवर हटलें, हें अण्णा कांठावर काठी रोवून पाहतात.

परवां धाकट्या सुनेला पलीकडे इंदापूर तालुक्यांत माहेरीं जावयाचें होतें. होडीनें जवळ, सडकेनें भला मोठा वळसा. याच जलाशयांत २१ मे २०२४ रोजीं कुगांव-कळाशीच्या दरम्यान वादळांत होडी उलटून सहा जण बुडाले. तेव्हांपासून अण्णा होडीचें नांव निघालें कीं अस्वस्थ होतात.

“बाळ, होडीनं जावं का, विचार तुझ्या त्या शहाण्याला.”

नातवानें विचारलें. उत्तर आलें, “आज वारा अधिक आहे. उंसावर फवारणी करूं नये.”

अण्णांनीं चष्मा काढून पुसला. “सूनबाई,” ते म्हणाले, “तुम्ही एस्.टी.नं जा.”