एका गुणाची गोष्ट

बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरचे २०२३ साल ऐका. मे महिन्यात शांघायला धनुर्विद्येच्या विश्वचषकाची अंतिम लढत झाली. समोर जगातला पहिल्या क्रमांकाचा डच धनुर्धर माइक श्लोसर; आपला गडी १९ वर्षांचा! लक्ष्य ५० मीटरांवर, दहा गुणांचे वर्तुळ चहाच्या कपाच्या तोंडाएवढे, प्रत्येकी १५ बाण. श्लोसरचे १४८ गुण झाले, प्रथमेशचे १४९!

सप्टेंबरात मेक्सिकोत दैव फिरले. डेन्मार्कच्या मथायस फुलरटनशी १४८-१४८ अशी बरोबरी झाली. जादा बाणही दोघांचे दहाच्याच वर्तुळात. पण फुलरटनचा मध्याला अधिक जवळ. सुवर्ण हुकले, रौप्य मिळाले.

पुढच्याच महिन्यात हांगचौच्या आशियाई स्पर्धेत अभिषेक वर्मा, ओजस देवतळे आणि प्रथमेश यांनी दक्षिण कोरियाला २३५-२३० असे नमवून सांघिक सुवर्णपदक आणले.

एका गुणाने पहिला नंबर हुकलेल्या मुलांना ही गोष्ट अवश्य सांगावी.