मुखचित्राचा सच्चेपणा

वेष्टनावरून वस्तूची पारख करू नये, हा उपदेश घरोघरी दिला जातो आणि बाजारात पाऊल टाकताच तो विसरला जातो. दिवाळीच्या सुमारास वाचनालयात अंक मांडले की वाचकाचा हात आधी मुखपृष्ठाकडे जातो, अनुक्रमणिकेकडे नंतर. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांची चित्रे मराठी घरांत पोहोचली ती याच वाटेने. मुखपृष्ठ हे अंकाने वाचकाला दिलेले पहिले वचन असते. ते पाळले गेले की नाही, हे शेवटचे पान मिटल्यावर कळते.

आज हेच वचन संगणकीय खेळांच्या बाजारात टपाल तिकिटाएवढ्या चौकटीत द्यावे लागते. अमेरिकेतील व्हॉल्व्ह कंपनीने २००३ साली सुरू केलेले 'स्टीम' हे या व्यवहाराचे एक प्रमुख दुकान आहे. तेथे २०२४ या एका वर्षात अठरा हजारांहून अधिक नवे खेळ दाखल झाले. या दुकानात फळी नाही, काउंटर नाही, ओळखीचा दुकानदार नाही. आहे ते केवळ एक छोटे चित्र. व्यवसायाच्या भाषेत त्याला 'कॅप्सूल' म्हणतात. शोधयादीसाठी द्यायचा त्याचा लहान अवतार दीर्घकाळ २३१ बाय ८७ पिक्सेल एवढा होता. दोन-चार वर्षे खपून, प्रसंगी घरची पुंजी घालून खेळ तयार करणाऱ्या लहान चमूचे भवितव्य या चिमुकल्या चौकटीशी बांधलेले असते. म्हणूनच या चित्राचे मूल्यमापन हा हौसेचा विषय राहत नाही.

कारखाना रंगवावा कसा?

त्यातही कारखान्याच्या खेळाची अडचण वेगळी आहे. युद्धाच्या खेळाला योद्धा असतो, शर्यतीच्या खेळाला गाडी असते. कारखान्याच्या खेळात नायक नसतो. कच्चे लोखंड खणायचे, भट्टीत वितळवून त्याचे पत्रे करायचे, पत्र्यांपासून सुटे भाग करायचे, ते सरकत्या पट्ट्यांवरून पुढच्या यंत्राकडे न्यायचे आणि हे सारे माणसाचा हात न लागता अखंड चालेल अशी रचना बसवायची, हा त्यातील आनंद आहे. तो क्रमात आहे, हिशेबात आहे, चूक शोधून ती दुरुस्त करण्यात आहे. गतीतून आणि काळातून उलगडणारी ही गोष्ट स्थिर चित्रात मावत नाही.

येथे चित्रकारापुढे दोन मोह उभे राहतात. पहिला मोह सगळाच कारखाना दाखवण्याचा. मोठ्या पडद्यावर असे दृश्य थक्क करते. पण तेच लहान चौकटीत आणले की यंत्रे, पट्टे आणि नळ्या यांचा करडा चिखल होतो. दुसरा मोह शिरस्त्राण घातलेला हसरा कामगार पुढे उभा करण्याचा. चेहरा डोळ्याला चटकन सापडतो हे खरे. परंतु ज्या खेळात त्या चेहऱ्याला फारसे काम नाही, तेथे तो केवळ भाड्याने आणलेला पाहुणा ठरतो.

'फॅक्टोरिओ'चे उदाहरण

या दोन्ही मोहांतून वाट काढल्याचे उत्तम उदाहरण म्हणजे झेक प्रजासत्ताकातील 'फॅक्टोरिओ' हा खेळ. मिखाल कोवार्झिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली त्याची सुरुवात केली. २०१३ साली लोकवर्गणीतून थोडे भांडवल उभे राहिले, फेब्रुवारी २०१६ मध्ये तो अपूर्णावस्थेतच स्टीमवर आला आणि ऑगस्ट २०२० मध्ये पूर्णत्वास गेला. प्राग येथील 'वूब सॉफ्टवेअर' ही त्यांची संस्था. दर शुक्रवारी कामाचा वृत्तांत खेळाडूंपुढे ठेवण्याची प्रथा तिने वर्षानुवर्षे पाळली.

या खेळाच्या मुखचित्रात कोणाचा चेहरा नाही. धातूची वाटावी अशी नारिंगी अक्षरे, मागे यंत्रांचे काळपट विश्व आणि नावातील एका 'ओ'च्या जागी दातेरी चाक, एवढाच ऐवज. वरवर पाहता दातेरी चाक हे यंत्रयुगाचे झिजून गुळगुळीत झालेले चिन्ह. कोणत्याही कारखान्याच्या फलकावर ते सापडेल. परंतु खेळ उघडून पाहिला की त्या चाकाचा अर्थ बदलतो. दोन लोखंडी पत्र्यांपासून एक दातेरी चाक तयार होते. ते चाक आणि आणखी एक पत्रा मिळून सरकत्या पट्ट्याचे दोन तुकडे होतात. तेच चाक तांब्याच्या पत्र्याबरोबर वापरले की संशोधनासाठी लागणारी पहिली सामग्री सिद्ध होते. म्हणजे हे चाक कारखान्याचे बीज आहे. खेळाडू ज्या वस्तूपासून आपली सृष्टी उभारतो, तीच वस्तू चित्रकाराने दारावर टांगली आहे. अलंकार आणि आशय यांचा असा मेळ क्वचितच साधतो.

दुसरा गुण मापाचा. इंग्रजीत या नावाची अक्षरे आठ. २३१ पिक्सेलांच्या चौकटीत एका अक्षराच्या वाट्याला तीसही पिक्सेल येत नाहीत. तरीही काळ्यावर नारिंगी हा विरोध इतका ठळक आहे की नाव सहज वाचता येते. लहान होऊनही अर्थ न गमावणे ही मुखचित्राची पहिली कसोटी, आणि येथे ती उतरते.

दोष नाही असे मात्र नाही. या खेळात कारखान्याच्या धुराने प्रदूषण पसरते, झाडे त्यातील काही शोषून घेतात आणि उरलेल्या धुराने चवताळलेले त्या ग्रहावरील कीटक कारखान्यावर चालून येतात. उद्योगाची किंमत निसर्गाला मोजावी लागते, हा विचार खेळाच्या रचनेतच गुंफलेला आहे. नाव आणि चाक यांवर भिस्त ठेवणारे मुखचित्र या दुसऱ्या बाजूविषयी जवळजवळ मौन पाळते. नवख्या खेळाडूला आपण केवळ निर्मितीच्या खेळात शिरत आहोत असे वाटावे, एवढी ती उणीव आहे.

इतरांनी आपापले मार्ग शोधले. स्वीडनमधील 'सॅटिसफॅक्टरी'ने समाधान आणि कारखाना हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात बसवून निम्मे काम नावावरच सोपवले. जर्मनीत तयार झालेल्या 'शेप्स'मध्ये कथा नाही की पात्र नाही. आकार कापणे, जोडणे आणि रंगवणे एवढेच काम, म्हणून भौमितिक आकार हीच त्याची ओळख. चीनमधील 'डायसन स्फिअर प्रोग्रॅम'ने २०२१ साली ताऱ्याभोवती कवच उभारण्याची कल्पना नावातच मांडली आणि हाती घ्यायच्या कामाचा आवाका एका क्षणात सांगितला.

बाजाराची शिस्त

काही काळ या चौकटींवर पुरस्कारांची चिन्हे, समीक्षकांचे गुण आणि सवलतीच्या घोषणा यांची इतकी गर्दी झाली की मूळ चित्रच झाकले जाऊ लागले. सप्टेंबर २०२२ पासून व्हॉल्व्हने नियम केला की तेथे चित्र, खेळाचे नाव आणि अधिकृत उपनाव एवढेच असावे. हा नियम स्वागतार्ह ठरला. ओरडणारा विक्रेता आणि मुकाट बसलेला कारागीर यांना निदान दारावर तरी समान जागा मिळाली.

जानेवारी २०२४ मध्ये दुसरे पाऊल पडले. कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेले साहित्य वापरले असल्यास ते जाहीर करणे निर्मात्यांना बंधनकारक झाले. चित्रकाराला मोबदला देणे न परवडणाऱ्या लहान निर्मात्याला यंत्राकडून फुकटात चित्र मिळवण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु अशा चित्रातील पट्टा कोठून निघाला आणि कोठे पोहोचला, चाकाचे दाते एकमेकांत बसतात की नाही, याचा ठाव बहुधा लागत नाही. अन्य खेळांत हे खपून जाईल. कारखान्याच्या खेळाचा ग्राहक मात्र हेच तपासण्यासाठी आलेला असतो. फिरू न शकणारे चाक त्याला दारावरच दिसले, तर आतल्या यंत्रावर त्याने विश्वास का ठेवावा?

चित्र ही जाहिरातच असते, तिच्याकडून सत्याची अपेक्षा कशाला, असा युक्तिवाद केला जातो. 'फॅक्टोरिओ'ची वाटचाल त्याला परस्पर उत्तर देते. या खेळावर कधीही सवलत दिली गेली नाही. उलट जानेवारी २०२३ मध्ये त्याची किंमत तीस डॉलरवरून पस्तीस डॉलर झाली. विकत घेण्यापूर्वी पारख करता यावी म्हणून नमुना विनामूल्य ठेवला गेला. तरीही २०२२ अखेर त्याच्या पस्तीस लाखांहून अधिक प्रती खपल्या होत्या. हे श्रेय एकट्या मुखचित्राचे अर्थातच नाही. पण दारावर जे टांगले तेच घरात मिळाले, ही साख त्यातून निर्माण झाली आणि तिने सवलतीच्या फलकाची गरज उरू दिली नाही.

घरातील मुले असे खेळ निवडतात तेव्हा वडीलधाऱ्यांनी किंमत आणि वेळ यांची चौकशी जरूर करावी. त्यासोबत एकदा त्या चौकटीकडेही निरखून पाहावे, आणि खेळ आठवडाभर खेळून झाल्यावर मुलाला विचारावे की चित्राने जे सांगितले होते ते आत सापडले का. वचन आणि वस्तू ताडून पाहण्याची ही सवय लहान वयात लागली, तर पुढे कोणत्याही बाजारात ती कामी येईल.