प्लूटो केतकरांनी शोधला का?

१/ ‘प्लूटोचा शोध अमेरिकेआधी एका मराठी माणसाने लावला’ असे विधान समाजमाध्यमांवर अधूनमधून वाचावयास मिळते. माझ्या मते ते चुकीचे आहे. परंतु ते बाजूला ठेवल्यावरही अभिमानाचे कारण शिल्लक राहते. ते कोणते, हे या थ्रेडमध्ये मांडत आहे.

२/ व्यंकटेश बापूजी केतकर (१८५४–१९३०) हे पेशाने शिक्षक. आधुनिक ग्रहगणित संस्कृतात आणणारा ‘ज्योतिर्गणितम्’ हा ग्रंथ त्यांचाच. १९११ मध्ये फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या पत्रिकेत त्यांनी नेपच्यूनपलीकडे दोन ग्रह असावेत, असे प्रतिपादन केले. त्यांना नावे दिली ब्रह्मा आणि विष्णू.

३/ या तर्काचे मूळ गुरूच्या उपग्रहांत होते. आयोच्या चार प्रदक्षिणा होतात, तेवढ्या काळात युरोपाच्या दोन आणि गॅनिमीडची एक होते. या मेळाची मीमांसा लाप्लासने केली होती. यालाच कक्षीय अनुनाद म्हणतात. ठराविक काळाने तीच रचना पुन्हा येते, परस्परांची ओढ पुन्हा त्याच ठिकाणी लागते आणि ताल टिकून राहतो. केतकरांनी तोच ताल युरेनस, नेपच्यून आणि त्यांच्यापलीकडे शोधला.

४/ ‘ब्रह्मा’साठी त्यांचे उत्तर आले: सूर्यापासून सरासरी अंतर ३८.९५ खगोलीय एकके, प्रदक्षिणाकाळ २४२.२८ वर्षे. १९३० मध्ये क्लाइड टॉमबॉला सापडलेल्या प्लूटोचे आकडे आहेत सुमारे ३९.५ एकके आणि २४८ वर्षे.

५/ येथे घाई नको. ‘दोन्ही आकडे जुळले’ असे म्हटले जाते. पण केप्लरच्या तिसऱ्या नियमाने अंतर ठरले की प्रदक्षिणाकाळही ठरतो. म्हणजे जुळलेली गोष्ट एकच. शिवाय ग्रह आकाशात नेमका कोठे दिसेल, हे केतकरांनी सांगितले नव्हते. ‘विष्णू’ तर कधी सापडलाच नाही. म्हणून याला शोध म्हणता येत नाही.

६/ मात्र हीच कसोटी पर्सिव्हल लॉवेललाही लावू या. १९१५ मधील त्याचे भाकीत होते ४३ एकके आणि २८२ वर्षे. युरेनसच्या गतीतील तफावतीवर ते उभे होते. प्लूटो इतका हलका निघाला की ती तफावत त्याच्यामुळे असणे शक्यच नव्हते. पुढे व्हॉयेजर २ ने १९८९ मध्ये नेपच्यूनचे वस्तुमान नेमके मोजले आणि तफावतच मावळली. प्लूटो लॉवेलच्या वेधशाळेत सापडला, पण लॉवेलच्या कारणाने नव्हे.

७/ उलट, अनुनाद खरा निघाला. नेपच्यूनच्या तीन प्रदक्षिणांत प्लूटोच्या दोन होतात, हे १९६५ मध्ये संगणकीय गणिताने दाखवले गेले. प्लूटो काही काळ नेपच्यूनपेक्षाही सूर्याजवळ येतो. तरी या तालामुळे दोघांची जवळून गाठ पडत नाही. आज याच तालातले ऑर्कससारखे अनेक लहान पिंड ठाऊक आहेत. केतकरांच्या आकड्यांतून येणारे गुणोत्तर १.४७, प्रत्यक्षातले १.५. त्यांची पद्धत पुरेशी उलगडत नाही, पण पाहण्याची दिशा योग्य होती.

८/ इतिहासप्रेमींवर केतकरांचे आणखी एक ऋण आहे. आपल्या जिल्ह्यातील नेवाशाची ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. त्यात ७८ मिळवले की १२९० मिळते. पण एखाद्या शिलालेखातील तिथी-वार पडताळायचा तर बेरीज पुरत नाही, चंद्रसूर्याचे गणित लागते. कालगणनेवर केतकरांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिला तो याच कामासाठी.

९/ म्हणून माझे म्हणणे एवढेच: ‘शोध लावला’ ही पदवी त्यांच्यावर लादू नये. ती खोटी ठरली की ऐकणारा त्यांच्या खऱ्या कामावरही अविश्वास दाखवतो. एका शिक्षकाने १९११ मध्ये सूर्यमालेच्या कडेला ताल असावा असे म्हटले आणि जगापुढे छापून तपासणीला ठेवले. प्लूटोची वार्ता जाहीर झाली ती मार्च १९३० मध्ये. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केतकर निवर्तले. त्यांच्या कामाची नोंद जशी आहे तशीच जपणे, हे आता आपले काम.