सांधा आणि काटकसर

शहराची वीज गेली की दोष पावसाला देण्याची रीत रूढ झाली आहे. प्रत्यक्षात पाऊस अनेकदा निमित्तमात्र असतो. ओलावा शिरतो तो भूमिगत केबलच्या कच्च्या सांध्यातून. केबल कारखान्यात यंत्रांवर तयार होते. तिचा सांधा मात्र रस्त्याकडेच्या खड्ड्यात कामगाराच्या हातून घडतो.

प्रवाह तोडून, तो खरोखर तुटल्याची चाचणी घेऊन आणि अर्थिंग जोडूनच कामास हात घालावयाचा, हा पहिला दंडक. अ‍ॅल्युमिनियमवर हवेमुळे चढलेला ऑक्साइडचा थर घासून काढला नाही, किंवा जोडनळी योग्य दाबयंत्राने दाबली नाही, तर रोध वाढतो. प्रवाह दुप्पट होताच त्या रोधातील उष्णता चौपट होते. जूलचा हा नियम कोणत्याही कंत्राटदाराची सोय पाहत नाही. आवरणाखाली हवेची पोकळी वा धुळीचा कण राहिला, तर ११,००० व्होल्टचा दाब कालांतराने तेथेच वाट फोडतो.

नियमांची वाण नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०२३ मध्ये नवे सुरक्षा विनियमही केले. परंतु असे काटेकोर काम केवळ सर्वांत कमी दराच्या निविदेवर सोपविले, की काटकसर होते ती प्रशिक्षणात, वेळात आणि हातमोज्यांत. बचत एकाच्या खात्यात जमा होते. अंधार, पुन्हा खोदाई आणि प्रसंगी कामगाराचा प्राण दुसऱ्याच्या खात्यावर पडतो. याला काटकसर म्हणता येणार नाही. हे केवळ खर्चाचे स्थलांतर होय. प्रत्येक सांध्याची तारीख, चाचणी आणि जोडणाऱ्याचे नाव नोंदवावे, आणि देयकाचा काही भाग सांधा टिकल्यावरच द्यावा. जबाबदारीला नाव लाभल्याखेरीज सांधा पक्का होणार नाही.