मण्यारीचे विष आणि डोळ्यांतले पाणी

जुन्नर-आंबेगावची बातमी म्हटली, की ती हटकून बिबट्याची असते. ऊस, बछडे, पिंजरा, माणिकडोहचे निवारा केंद्र. सारे आपल्याला पाठ. पण त्याच उसाच्या बांधावर, रात्रीच्या विजेवर पाणी धरायला निघालेल्याचा पाय घोणशीवर पडतो, ओसरीत जमिनीवर निजलेल्या बाईला मण्यार चावते, त्याची बातमी क्वचितच होते. देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे दगावतात, असा २०२० साली प्रसिद्ध झालेला अंदाज आहे.

या विषात बरीचशी विकरे, म्हणजे एन्झाइम्स असतात. त्यांतले फॉस्फोलायपेज ए-टू पेशींच्या आवरणातला स्निग्धांश तोडते. मण्यारीच्या विषात ते मज्जातंतूंच्या टोकांवर घाला घालते. पापण्या मिटू लागतात, पुढे श्वासही अडतो. गंमत अशी, की याच कुळातले विकर आपल्या डोळ्यांतल्या पाण्यातही असते आणि जंतूंचे आवरण फोडते. जन्मजात प्रतिकारशक्तीचे ते एक हत्यारच!

एखादे विकर नेमके काय करते, हे कळायचे कसे? त्याच्या खाचेत बसेल असे रसायन घडवायचे, विकर बंद पाडायचे आणि काय थांबते ते पाहायचे. पाटकऱ्याने एक दारे बंद करून कोणाचे वावर कोरडे राहते ते पाहावे, तसे. व्हेरेस्प्लॅडिब हे असेच रसायन. शरीरातला दाह रोखण्यासाठी ते तयार झाले, पण हृदयरुग्णांवरची त्याची चाचणी २०१२ साली थांबवावी लागली. झटके कमी होण्याऐवजी वाढल्याचे दिसले! आपलेच हत्यार महिनोन् महिने म्यान करून ठेवणे परवडत नसावे.

हे टाकून दिलेले औषध २०१६ साली मॅथ्यू लेविन या अमेरिकी डॉक्टरांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सापांच्या विषावर वापरून पाहिले आणि प्रयोगशाळेत ते अनेक विषांतील हे विकर रोखते असे आढळले. पुढे भारत व अमेरिकेत नेहमीच्या उपचारांबरोबर त्याच्या गोळ्या देऊन चाचणी झाली. २०२४ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष संमिश्र आहे. सर्व रुग्णांचा एकत्र विचार करता फायदा सिद्ध झाला नाही. लवकर गोळी मिळालेल्यांत मात्र आशेची चिन्हे दिसली.

सारी मेख या ‘लवकर’ शब्दात आहे. मण्यारीचा दंश दुखत नाही, म्हणून तो उशिरा ध्यानात येतो. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत यांच्यासारखे अनुभवी डॉक्टर जवळ असलेल्यांचे ठीक; घाटमाथ्याकडच्या वाडीने रात्री दोन वाजता काय करावे? घोड्याच्या रक्तापासून बनणारे प्रतिविष शिरेतून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावे लागते. त्याला आज पर्याय नाही, आणि गोळीच्या आशेने कोणी दवाखाना टाळू नये. सर्पदंशाची नोंद सक्तीची करा, असे केंद्राने २०२४ साली राज्यांना कळवले, ते उत्तमच झाले. पण उद्या ही गोळी चाचण्यांत टिकली, तर ती तालुक्याच्या कपाटात कुलूपबंद ठेवू नका. ती वाडीवरच्या आशाताईंच्या पिशवीत असू द्या, आणि शेताची वीज दिवसा द्यायला तर त्या गोळीची वाट पाहण्याचेही कारण नाही.