वायरीची लाज कसली?

येलदरीत एप्रिल-मेमध्ये प्लेस्टेशन लावून बसणाऱ्या पोराला सगळ्यात जास्त वेळा मारतो तो खिडकीतला कूलर. समोरच्या संघातला कुणीतरी जिना चढून मागून येतो. गेममध्ये त्याची पावलं नीट वाजतात, पण कूलरच्या घरघरीत ती बुडून जातात. मग पोरगा आवाज वाढवतो. पावलांबरोबर बॉम्बही वाढतात, कान शिणतात, आणि तीच घरघर माइकमधून बाकीच्या तिघांच्या कानांत जाते. एका घरातल्या कूलरनं चार जण बहिरे होतात.

म्हणून या आठवड्यात हेडफोन आणि माइक. दुकानातल्या खोक्यावर जे लिहिलेलं असतं ते बाजूला ठेवून बोलू.

आपल्याकडे बहुतेकांचा हात फोनवर बसला. पबजीवर २ सप्टेंबर २०२० ला बंदी आली, जुलै २०२१ मध्ये त्याचंच भारतीय रूप, बीजीएमआय, आलं, मध्ये दहा महिने गायब झालं आणि मे २०२३ मध्ये परतलं. त्या सगळ्या काळात पोरांना ब्लूटूथ इअरबड्सची सवय लागली. आता कुणी जुना पीएस-४ घेतो, कुणी मामाला गळ घालून पीएस-५ मागवतो, आणि पहिल्याच दिवशी कळतं की खिशातले इअरबड्स त्याला जोडलेच जात नाहीत. दोष ना इअरबड्सचा, ना कन्सोलचा. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स दोघेही साध्या ब्लूटूथ हेडफोनला थेट आवाज देत नाहीत. निन्टेंडोनं स्विचला सप्टेंबर २०२१ मध्ये ती सोय दिली, पण ब्लूटूथचा माइक तिथेही चालत नाही.

कंपन्यांनी हे दार बंद ठेवलं, यात मला त्यांचा शहाणपणाच दिसतो. साध्या ब्लूटूथ हेडफोनपर्यंत आवाज पोचायला १५० ते २५० मिलिसेकंद लागू शकतात. सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या गेममध्ये एक चित्र १६.७ मिलिसेकंदांचं असतं. म्हणजे गोळीचा आवाज कानात येईपर्यंत नऊ ते पंधरा चित्रं पुढे गेलेली असतात. त्याहून वाईट गोष्ट माइक सुरू केल्यावर होते. नेहमीच्या ब्लूटूथवर बोलायला लागलं की हेडफोन गाण्याचा रस्ता सोडून फोन-कॉलच्या रस्त्यावर जातो. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो आणि दोन्ही कानांत एकच आवाज येतो. डावं-उजवं संपलं. शत्रू कुठे आहे हे विचारण्यासाठी तोंड उघडलं आणि त्याच क्षणी शत्रू कुठे आहे हे ऐकू येणं थांबलं!

दिशा कळते कशी, हे एकदा समजून घेतलं की पुष्कळ जाहिराती आपोआप गळून पडतात. उजवीकडून आलेला आवाज डाव्या कानात जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंद उशिरा पोचतो, शिवाय मध्ये डोकं आडवं आल्यानं थोडा दबतो. मेंदू एवढ्यावर डावं-उजवं ठरवतो. पुढचं आणि मागचं ओळखायला कानाच्या बाहेरच्या घड्या कामाला येतात, कारण त्या घड्यांवर आपटून येणारा आवाज दिशेप्रमाणे बदलतो. हा सगळा हिशेब गेम किंवा कन्सोल गणितानं करू शकतो आणि तयार आवाज दोन कानांत सोडतो. त्यासाठी हेडफोनमध्ये दोनच भोंगे लागतात. खोक्यावरचं ‘७.१ सराउंड’ हे बहुतेक वेळा कॉम्प्युटरवर चालणारं सॉफ्टवेअर असतं, ते कन्सोलवर येतच नाही. सोनीनं पीएस-५ मध्ये थ्री-डी आवाजाची सोय कन्सोलच्या आतच ठेवली आहे आणि ती कुठल्याही साध्या स्टिरिओ हेडफोनवर चालते. सेटिंगमध्ये त्याचे वेगवेगळे नमुने ऐकवले जातात. ज्यात आवाज कानाच्या रेषेत वाटतो तो निवडायचा. एक्सबॉक्सवर विंडोज सोनिक फुकट आहे, डॉल्बी अॅटमॉसला पैसे पडतात. यातलं काहीही एकच सुरू ठेवा. गेमचं थ्री-डी आणि त्यावर कन्सोलचं थ्री-डी असं दुहेरी लावलं की पावलं खोलीभर पसरतात आणि दिशा हरवते. गेममध्ये ‘टीव्ही’, ‘होम थिएटर’, ‘हेडफोन’ असे पर्याय असतील तर ‘हेडफोन’च लावा. हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

आता जोडणी. ‘रिमोट’च्या, म्हणजे कंट्रोलरच्या, खालच्या बाजूला ३.५ मिलिमीटरचं भोक असतं. हेडफोनची पिन हातात घ्या आणि तिच्यावरच्या काळ्या रेघा मोजा. दोन असतील तर फक्त ऐकू येईल, तीन असतील तर माइकही आहे. कॉम्प्युटरसाठी बनलेल्या हेडफोनला दोन वेगळ्या पिना असतात, हिरवी ऐकायची आणि गुलाबी बोलायची. त्या कंट्रोलरला लावायला ‘वाय’ आकाराची छोटी वायर लागते, आणि गोंधळ इथेच होतो. दुकानात दिसायला जवळजवळ सारख्या दोन ‘वाय’ मिळतात. एक वायर दोन हेडफोन एकाच फोनला लावण्यासाठी, दुसरी हेडफोन आणि माइक एकत्र करण्यासाठी. पहिली घरी आणली तर ऐकू सगळं येतं, पण तुमचा शब्द कुणालाच जात नाही, आणि तुम्ही माइक खराब निघाला म्हणून दुकानदाराशी भांडता. योग्य वायरीवर बहुधा हेडफोन आणि माइक अशी दोन चित्रं असतात, आणि तिच्या एकेरी पिनेवर तीन रेघा असतात.

जुन्या काळच्या काही मोबाइल इअरफोनमध्ये माइक आणि अर्थ यांच्या जागा उलट्या होत्या. असा इअरफोन कंट्रोलरला लावला की माणसांचं बोलणं विहिरीच्या तळातून आल्यासारखं वाटतं, आणि वायरीवरचं बटण दाबून धरलं की अचानक सुधारतं. ही खूण दिसली तर दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका. तो जुन्या फोनसोबतच सुखी राहू द्या.

एक्सबॉक्सवाल्यांना थोडक्यात. २०१३ च्या पहिल्या कंट्रोलरला हे भोक नव्हतं, २०१५ पासून आलं. सेकंडहँड घेताना तेवढं बघा. साधे यूएसबी हेडफोन आणि यूएसबी माइक एक्सबॉक्स ओळखत नाही, त्यावर एक्सबॉक्ससाठी बनवल्याचा शिक्का लागतो. प्लेस्टेशनच्या बिनवायरी हेडफोनचा डोंगल एक्सबॉक्सवर चालत नाही. दोन्ही ठिकाणी बिनतक्रार चालणारी वस्तू एकच, कंट्रोलरच्या भोकात जाणारी वायर.

त्या वायरीचा आणखी एक फायदा शहरातल्या परीक्षणांत कधी वाचायला मिळत नाही, कारण तो प्रश्न त्यांच्याकडे नसतो. आपल्याकडच्या अनेक घरांत भिंतीवर तीन भोकांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. अर्थिंग नसलेल्या घरात टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि कन्सोल एकमेकांना जोडले की यूएसबी साउंड कार्डमध्ये किंवा माइकमध्ये ‘घूं’ असा आवाज येऊ शकतो. कंट्रोलर मात्र बॅटरीवर चालतो आणि कन्सोलशी हवेतून बोलतो. त्यात खोचलेल्या हेडफोनचा घराच्या विजेशी काही संबंधच उरत नाही, म्हणून घूं नाही. फक्त खेळताना चार्जिंगची केबल लावून ठेवू नका, नाहीतर संबंध पुन्हा जुळला. येलदरीत पूर्णेवरच्या धरणाच्या पायथ्याला २२.५ मेगावॅटचं वीज केंद्र आहे. पण वीज शेजारी तयार होते म्हणून घरातलं अर्थिंग आपोआप सुधारत नाही, त्याला वायरमनच बोलवावा लागतो.

हेडफोनच निवडायचा तर जाणकार खुल्या पाठीचा सांगतात. त्याच्या मागच्या जाळीतून हवा खेळते, आवाज मोकळा आणि रुंद वाटतो, दिशा सोपी जाते. फिलिप्सचा एसएचपी ९५०० आणि त्यात खोचायचा व्ही-मोडाचा बूमप्रो माइक ही जोडी जगभरच्या खेळणाऱ्यांत याच कारणानं गाजली. पण खुली पाठ म्हणजे दोन्ही बाजूंनी खुली. कूलर आत येणार. म्हणून माझं मत, नोव्हेंबर ते फेब्रुवारी खुली पाठ ठीक, उन्हाळ्यात बंद. बंद पाठीत कान उकडतात, हे खरं. त्यावर उपाय गाद्यांचा. रेक्झिनच्या गाद्या घामानं दोन उन्हाळ्यांत सोलून निघतात, कापडी गाद्या असलेला घ्या. हायपरएक्सचा क्लाउड-२ बंद पाठीचा, सुटा होणारा माइक असलेला, दणकट. त्यासोबत येणारं ७.१ चं यूएसबी कार्ड खोक्यातच ठेवून त्याची पिन सरळ कंट्रोलरला लावायची.

आणि खिसा परवानगी देत नसेल तर कानात आत बसणारे वायरीचे साधे इअरफोन घ्या. हसू नका. मोठ्या स्पर्धांत मंचावर बसलेले व्यावसायिक खेळाडू कानात असेच इअरफोन घालतात आणि वरून मोठे हेडफोन चढवतात. वरच्यात नुसता खळखळाट सोडलेला असतो, प्रेक्षकांचा आणि समालोचकांचा आवाज कानावर येऊ नये म्हणून. रबरी बोंडं कानात नीट बसली की कूलर निम्म्याहून जास्त गायब होतो, आणि कान उकडतही नाहीत.

स्टुडिओतले २५० ओहमचे महागडे हेडफोन मात्र कंट्रोलरला लावू नका. कंट्रोलरच्या आतला अॅम्प्लिफायर एवढासा असतो, त्याला ते ओढवत नाहीत. ३२ ओहमच्या आसपासचे बरे. ‘एक्स्ट्रा बास’ लिहिलेलं तर उचलूच नका. जड आवाज वरच्या पट्टीतल्या बारीक आवाजांना झाकून टाकतो, आणि पावलं बारीक आवाजांतच असतात.

बास आणि कूलर या दोघांनी मिळून आवाजाची पट्टी वर जाते, आणि तिथे गंमत संपते. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आहे की ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ऐकणं सुरक्षित, ९० डेसिबलला फक्त ४ तास. रोज रात्री दोन तास खेळणाऱ्याचा आठवड्याचा कोटा ९० ला दुसऱ्या रात्रीच संपतो.

राहिला माइक. हेडफोनवर माणूस पैसे घालतो कारण तो स्वतःला ऐकू येतो. स्वतःचा माइक कसा वाजतो हे त्याला कधीच कळत नाही, ते बाकीचे भोगतात. पीएस-५ च्या कंट्रोलरमध्ये आतच माइक असतो, आणि त्याच्या भरवशावर राहणारे पुष्कळ. तो तोंडापासून लांब मांडीवर असतो, त्यामुळे बटणांची टकटक, कूलर, कुकरची शिट्टी आणि “अरे झोप आता” हे सगळं सारख्याच इमानदारीनं पुढे पाठवतो. यूट्यूबवाल्यांसारखा टेबलावरचा यूएसबी माइक पीएस-५ वर बहुधा चालतो, पण टेबल जेवढं लांब तेवढी तीच कथा.

यावरचा उपाय फुकट आहे, माइक जवळ आणा. अंतर निम्मं केलं की तुमचा आवाज साधारण ६ डेसिबलनं वाढतो. १६ सेंटिमीटरवरून ४ वर आणला तर १२ डेसिबल, आणि खोलीच्या टोकाला असलेला कूलर होता तिथेच राहतो. म्हणून दांडीवाला माइक, ओठांच्या कोपऱ्यापाशी, दोन बोटांवर. नाकासमोर नको, श्वास आदळतो. त्यावर स्पंजाची टोपी हवीच, कारण कूलरचा झोत माइकवर पडला की आवाजाऐवजी वादळ जातं. कूलरचं तोंड थोडं बाजूला वळवा. मरेपर्यंत सगळं सांगत बसू नका, “डावीकडं, जिन्याखाली, एकच” एवढं पुरतं. बोलून झालं की म्यूट. प्रतिस्पर्ध्याला चांगलं ऐकू येतं आणि आपल्या संघाला कुकर, असं होऊ देऊ नका.

घरच्यांसाठीही एक गोष्ट. डिसेंबर २०२२ मध्ये ई-स्पोर्ट्सचं काम केंद्राच्या क्रीडा विभागाकडे आलं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं केलेल्या कायद्यानं त्याला खेळ म्हणून वेगळं काढून पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. त्यामुळे पोरगा जुगार खेळतोय की खेळ, हे आता विचारून समजू शकतं. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्स प्रात्यक्षिक म्हणून होतं, तेव्हा भुजच्या तीर्थ मेहतानं हर्थस्टोनमध्ये कांस्य मिळवलं. भूज काही महानगर नव्हे. अर्थात हर्थस्टोन पत्त्यांचा खेळ, त्यात मागून कुणी येत नाही.

जिंतूरला किंवा परभणीला हेडफोन घ्यायला जाल तेव्हा ३.५ मिलिमीटरचं भोक असलेला फोन सोबत न्या. आताच्या फोनची आणि कंट्रोलरची जोडणी सारखीच असते, फोनवर चालला तो कंट्रोलरवर चालतो. दुकानातच पिन लावा, व्हॉइस रेकॉर्डर सुरू करा, दुकानातल्या पंख्याखाली उभं राहून चार वाक्यं बोला आणि लगेच ऐका. मग एखादं डावं-उजवं स्पष्ट असलेलं गाणं लावून दोन्ही बाजू तपासा. दुकानदार पिन लावू देत नसेल तर शेजारचं दुकान बघा.